बासच्या जागेवरून रचना: चार्ल्स मिंगस यांच्या कारकिर्दीविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डबल बास, म्हणजे उभे धरून वाजवायचे खालच्या स्वरांचे मोठे तंतुवाद्य, वाजवणारा माणूस बँडच्या मागच्या बाजूला उभा असतो आणि त्याच्या वाट्याला गाण्याची चाल क्वचितच येते. मग चार्ल्स मिंगस त्याच जागेवरून जाझमधले एक थोर रचनाकार कसे झाले? बास शिकत असताना रचनेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांच्या कारकिर्दीतून नेमके काय उचलावे? प्रश्नकर्त्याने सोबत एक शंकाही मांडली आहे, ती अशी की मिंगस मुळात रचनाकारच होते, बास हे केवळ पोटापाण्याचे साधन होते, आणि म्हणून रचनाकार व्हायचे असेल तर बास सोडून पियानो धरलेला बरा. मी हे वाद्य व्यवसाय म्हणून वाजवले आहे आणि शिकवलेही आहे. ही शंका मला पटत नाही. मिंगस यांच्या रचनेत जे जे वेगळे आहे त्यातले बहुतेक बासवादकाच्या रोजच्या कामातून निघाले आहे, आणि ते कसे निघाले हे दाखवणे हेच माझे उत्तर आहे.

आधी बासवादकाच्या हातात काय असते ते पाहू. तीन हॉर्न (ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांसारखी फुंकवाद्ये) मिळून सी, ई आणि जी हे स्वर धरून बसले आहेत असे समजा. खाली बासने सी वाजवला तर ऐकणाऱ्याला सी मेजर हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, ऐकू येतो. तेच तीन स्वर तसेच ठेवून बासने ए वाजवला की तो ए मायनर सेव्हन होतो, आणि एफ वाजवला तर एफ मेजरचा विस्तारलेला, काहीसा अधांतरी कॉर्ड तयार होतो. वर कोणीही काही बदललेले नाही, तरी अर्थ तीनदा बदलला. दुसरी गोष्ट लयीची. चार मात्रांच्या चालीत ठोका नेमका कुठे पडतो, किंचित पुढे की किंचित मागे, हे ड्रमर आणि बासवादक मिळून ठरवतात, आणि त्यात बासचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा असतो. सुरावटीखालचा पाया आणि काळाची चाल या दोन्ही गोष्टी ज्याच्या बोटांत आहेत, तो मनात आणले तर वाजत्या रचनेची दिशा चालू असतानाच बदलू शकतो. बहुतेक बासवादक हा अधिकार वापरत नाहीत, कारण नोकरी टिकवायची असते. मिंगस यांनी तो वापरला, आणि त्यांच्या यशाचे व त्यांच्या भांडणांचे मूळ बऱ्याच अंशी तेथेच आहे.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात नोगालेस येथील लष्करी वसाहतीत झाला. वडील सैन्यात होते. आई त्यांच्या तान्हेपणीच गेली आणि ते लॉस एंजेलिसच्या वॉट्स या भागात वाढले. सावत्र आई त्यांना होलीनेस पंथाच्या चर्चमध्ये नेत असे, जिथे प्रवचनकाराने हाक द्यावी, सभेने ओरडून उत्तर द्यावे आणि बघता बघता सगळा समुदाय एका लयीत टाळ्या पिटू लागावा अशी प्रार्थना चाले. आणि घरच्या रेडिओवर त्यांनी जाझमधले थोर रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांचा बँड ऐकला. हे दोन ध्वनी त्यांच्या संगीतात शेवटपर्यंत राहिले. प्रथम ट्रॉम्बोन, मग चेलो असे त्यांचे शिक्षण झाले. चेलोवरून बासकडे ते वळले ते बडी कोलेट या सोबत्याच्या सांगण्यावरून. मिंगस यांच्या आत्मचरित्रातील वर्णनानुसार त्या सल्ल्यामागचा व्यवहार कडवट होता: कृष्णवर्णीय मुलगा कितीही चांगला वाजवो, अभिजात वाद्यवृंदात त्याला चेलोवर जागा मिळणार नाही, तेव्हा जिथे जागा आहे ते वाद्य घे.

त्यानंतरची त्यांची तालीम मात्र अगदी पक्की होती, आणि ‘उपजत प्रतिभेचा रानवट माणूस’ ही त्यांची जी प्रतिमा पुढे विकली गेली तिच्याशी या तालमीचा मेळ बसत नाही. रेड कॅलेंडर यांच्याकडे त्यांनी जाझ बासचे धडे घेतले. मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पूर्वी प्रमुख बासवादक असलेल्या हर्मन राइन्सहागन यांच्याकडे पाच वर्षे गज आणि डाव्या हाताची शिस्त शिकले. रचनेसाठी ते लॉइड रीस यांच्याकडे गेले. एरिक डॉल्फी आणि डेक्स्टर गॉर्डन हे सॅक्सोफोनवादकही रीस यांचेच विद्यार्थी. मिंगस विशीत पोचण्याच्या सुमारास लिहीत होते ती ‘हाफ-मास्ट इनहिबिशन’ ही रचना १९६० मध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा गंथर शुलर यांनी तिचे संचालन केले. म्हणजे रचनाकार नंतर जन्मला असे नाही. दोन्ही कामे पहिल्यापासून बरोबरच चालू होती.

१९४० च्या दशकात त्यांनी इतरांच्या बँडमध्ये वाजवले: बार्नी बिगार्ड, काही काळ लुई आर्मस्ट्राँग, मग १९४७-४८ मध्ये लायनेल हॅम्प्टन. हॅम्प्टन यांच्या बँडने त्यांची ‘मिंगस फिंगर्स’ ही बासला पुढे आणणारी रचना मुद्रित केली. तरीही या काळाच्या शेवटी ते लॉस एंजेलिसमध्ये टपाल वाटण्याची नोकरी करत होते. नाव झालेल्या वादकालाही दरमहा घर चालवण्यासाठी टपालखात्यात जावे लागत होते, हे कारकिर्दीचा विचार करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

तेथून त्यांना बाहेर काढले ते व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य) वाजवणारे रेड नॉर्व्हो यांनी, आणि माझ्या मते बासवादक म्हणून मिंगस घडले ते नॉर्व्हो यांच्या त्रयीत. १९५०-५१ ची ही त्रयी म्हणजे व्हायब्राफोन, टॅल फार्लो यांची गिटार आणि बास. ड्रम नाहीत, पियानो नाही. नॉर्व्हो आणि फार्लो दोघेही भन्नाट वेगात वाजवणारे. अशा वेळी लय सांभाळायला बासशिवाय कोणीच नसते, आणि कॉर्डचा तळही त्यालाच दाखवावा लागतो. एक स्वर चुकीच्या क्षणी पडला तर लपायला जागा नसते. विद्यार्थ्यांना मी ही मुद्रणे ऐकायला सांगतो तेव्हा बासच्या प्रत्येक स्वराची लांबी किती नेमकी आहे तिकडे लक्ष द्यायला सांगतो. जलद लयीत स्वर जरा लांब राहिला तर पुढच्या ठोक्यावर चिखल होतो, आणि जरा आखूड झाला तर चाल लंगडी होते. मिंगस ती लांबी धरून ठेवतात आणि वर फार्लो मोकळे सुटतात. ही त्रयी मिंगस यांनी सोडली ती एका टेलिव्हिजन कार्यक्रमाच्या वेळी त्यांच्या जागी गोरा बासवादक घेतला गेला म्हणून, आणि त्यामागे वर्णद्वेषच आहे अशी त्यांची खात्री होती.

न्यूयॉर्कला आल्यावर १९५२ मध्ये त्यांनी ड्रमर मॅक्स रोच यांच्यासोबत ‘डेब्यू’ ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. व्यवहाराची बरीचशी बाजू त्यांच्या तेव्हाच्या पत्नी सिलिया पाहत. दोन कृष्णवर्णीय वादकांनी स्वतःच्या मालकीची कंपनी चालवणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती, आणि ती पाच वर्षांच्या आसपासच टिकली. या कंपनीची सर्वांत प्रसिद्ध तबकडी म्हणजे १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेली मैफल. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस आणि रोच हे पाच जण एका मंचावर होते, आणि त्याच संध्याकाळी मार्सियानो आणि वॉलकॉट यांची हेवीवेट मुष्टियुद्धाची लढत असल्याने सभागृह अर्धेमुर्धे रिकामे राहिले. आयोजकांकडे पैसे पुरेसे नव्हते, पण ध्वनिफिती मिंगस यांच्या हाती आल्या. त्या ऐकल्यावर लक्षात आले की बास धड ऐकूच येत नाही. मग मिंगस यांनी स्टुडिओत बसून आपला बास त्या मुद्रणावर पुन्हा वाजवला आणि तबकडी तशी बाजारात आली. काही रसिकांना ही लबाडी वाटते. मला तसे वाटत नाही. त्या मैफलीचा तळच नाहीसा झाला होता आणि तो भरून काढणे मालक म्हणून त्यांना शक्य होते. दुसऱ्याच्या कंपनीत बासवादकासाठी एवढे कष्ट कोणी घेतले नसते. पुढे मूळ मुद्रणही उपलब्ध झाले. दोन्ही शेजारी ठेवून ऐकली तर बास असणे आणि नसणे यातला फरक कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला कळतो.

त्याच वर्षी ते एलिंग्टन यांच्या बँडमध्ये गेले आणि काही दिवसांतच बाहेर पडले. ट्रॉम्बोनवादक हुआन टिझोल यांच्याशी झालेले भांडण हातघाईवर आले होते. एलिंग्टन सहसा कोणाला स्वतःहून काढून टाकत नसत. ज्या मोजक्यांना त्यांनी काढले त्यात मिंगस आले. ज्यांना दैवत मानले त्यांच्याच हातून नारळ मिळाला. नऊ वर्षांनी, १९६२ मध्ये, एलिंग्टन, मिंगस आणि रोच यांनी एकत्र ‘मनी जंगल’ हे ध्वनिमुद्रण केले तेव्हाही मिंगस मध्येच बास आवरून निघाले होते आणि एलिंग्टन यांनीच त्यांची समजूत घालून त्यांना परत आणले.

आता मुख्य भागाकडे येतो, म्हणजे ‘जाझ वर्कशॉप’. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मिंगस आपल्या बदलत्या बँडला हे नाव देत. आधी ते रीतसर कागदावर लिहून वादकांना देत होते. लिहिलेले बिनचूक वाजे, पण त्यांना हवे तसे वाजत नसे. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. ‘पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस’ या १९५६ च्या तबकडीच्या टिपणात त्यांनी ही पद्धत स्वतः सांगितली आहे: रचना मनातल्या कागदावर लिहायची, मग पियानोवर तिचा सांगाडा वाजवून दाखवायचा, आणि प्रत्येक वादकाला त्याच्या वाट्याचे सूर, स्वरपंक्ती आणि भाव तोंडी द्यायचा, इतका की तो त्याच्या अंगवळणी पडेल, पण त्याची स्वतःची बोली मात्र पुसली जाणार नाही. आपल्याकडे बंदिश गुरुमुखातून घेण्याची जी रीत आहे तिच्याशी परिचय असलेल्याला यात अपरिचित काही वाटणार नाही. फरक इतकाच की येथे गुरू मंचावरच सोबत वाजवत असे, चालू मैफलीत वादकाला ओरडून काही सांगे, आणि न पटल्यास रचना मध्येच थांबवून श्रोत्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावी.

बासच्या जागेचे महत्त्व येथे दिसते. ‘पिथेकॅन्थ्रोपस’च्या काही भागांची लांबी मात्रा मोजून ठरवलेली नाही. एकाच पायावर वादक वाजवत राहतात, ताण चढत जातो, आणि इशारा आला की पुढचा भाग सुरू होतो. हा इशारा कोण देणार? पियानोवर बसलेला रचनाकार देऊ शकतो, पण त्याला मान किंवा हात हलवावा लागतो. बासवादकाला तो नुसत्या वाजवण्यातून देता येतो: तळाचा स्वर सोडला, चाल दुप्पट केली, किंवा धरलेला ठेका मोडून तारेवर एक आघात केला की संपूर्ण बँडला कळते. मिंगस यांचे ड्रमर डॅनी रिचमंड यांना हे इतके अवगत होते की दोघे लय वाढवणे, निम्मी करणे, मध्येच थांबवणे असे बदल कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय एकत्र करत. रिचमंड मूळचे सॅक्सोफोनवादक. मिंगस यांच्यासोबत ते विशीत ड्रमवर स्थिरावले आणि काही खंड वगळता शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिले. मिंगस मात्रेला टोकदार बिंदू न मानता तिच्याभोवती एक वर्तुळ कल्पीत, आणि त्या वर्तुळात कुठेही स्वर टाकला तरी लय टिकते असे सांगत. बासवादकाखेरीज दुसऱ्या कोणाला ही कल्पना इतक्या नैसर्गिकपणे सुचली असती असे मला वाटत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘हेशियन फाइट साँग’चे १९५७ चे, सुमारे १२ मिनिटांचे मुद्रण एकट्या बासने सुरू होते. आधी तारा ओढल्यासारखे सुटे, विस्कळीत स्वर येतात, त्यांना ठरलेली लय नाही. मग त्या स्वरांतून हळूहळू एक छोटी आकृती निघते, ती पुन्हा येते, पुन्हा येते, आणि थोड्याच वेळात तो ठेका होतो. त्यावर ड्रम येतात, मग एकेक हॉर्न आत शिरतो. वरच्या हॉर्नची सुरावट त्या ठेक्यावर उभी केलेली आहे. ठेका काढून घेतला तर वर काही उरत नाही. ‘मोनिन’मध्ये हेच काम बॅरिटोन सॅक्सोफोनला दिले आहे: तो एकटा सुरू करतो, आणि एकावर एक थर चढत जातात. बासवादक आयुष्यभर तीन-चार स्वरांच्या आकृत्या पुन्हा पुन्हा वाजवत असतो, त्यामुळे पुनरावृत्तीत काय बळ असते आणि ती कधी कंटाळवाणी होते हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. मिंगस यांची रचना याच ज्ञानावर तळापासून वर चढते.

१९५९ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी केलेली ‘मिंगस आह अम’ ही त्यांची सर्वांत लोकप्रिय तबकडी. तिच्यातील पहिली रचना सहा मात्रांच्या झुलत्या चालीत चर्चमधली प्रार्थना उभी करते, आणि एका टप्प्यावर सगळी साथ थांबून सॅक्सोफोनखाली केवळ टाळ्या आणि ड्रम उरतात. ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही त्याच वर्षी मार्चमध्ये वारलेले सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे. तिचा सांगाडा बारा मात्राखंडांच्या ब्लूजचाच आहे. वरची सुरावट एवढी साधी आहे की नवशिक्याही एका बैठकीत उचलेल. खालचे कॉर्ड मात्र जवळजवळ प्रत्येक सुराखाली बदलतात, आणि त्यामुळे तोच ओळखीचा सूर दर वेळी वेगळ्या दुःखाचा वाटतो. वर सांगितलेला सी-ई-जीचा हिशेब येथे कलेच्या पातळीवर गेलेला दिसतो. निर्माते टिओ मासेरो यांनी या तबकडीसाठी अनेक सोलो कापून लहान केले होते. ते नंतरच्या आवृत्त्यांत परत जोडले गेले, तेव्हा ऐकायचे असेल तर पूर्ण आवृत्ती शोधावी.

याच तबकडीवर ‘फेबल्स ऑफ फॉबस’ आहे. १९५७ मध्ये लिटल रॉक येथील शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून राज्याचे सैनिक उभे करणारे आर्कान्सासचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांची ती टर आहे. कोलंबियाने शब्दांसह ती छापली नाही. १९६० मध्ये ‘कँडिड’ या लहान कंपनीसाठी मिंगस आणि रिचमंड यांनी ती शब्दांसह म्हटली. त्या मुद्रणातील बँडमध्ये पियानो नव्हता. मिंगस, रिचमंड, ट्रम्पेटवर टेड कर्सन आणि एरिक डॉल्फी असे चौघेच. स्टुडिओत कोणी श्रोता नसताना मिंगस, आपण क्लबमध्येच आहोत अशा थाटात, पेल्यांचा खणखणाट करू नका असे बजावतात. कँडिडच्या याच तबकडीवरील ‘व्हॉट लव्ह’ ही, तरुणपणी रचलेली, रचना मी प्रत्येक बासवादकाला ऐकायला लावतो. डॉल्फी बँड सोडणार होते. मध्यभागी ठेका पूर्ण थांबतो आणि मिंगस यांचा बास व डॉल्फी यांचा बास क्लॅरिनेट एकमेकांशी बोलू लागतात: एक खालून विचारतो, दुसरा फटकारतो, पहिला आर्जव करतो, मग दोघे एकमेकांना तोडून भांडतात. शब्द एकही नाही, पण स्वरांची चढउतार हुबेहूब बोलण्याची. बासवर हे करता येते कारण त्याला पडदे नाहीत, बोट सरकवत दोन स्वरांमधल्या सगळ्या जागा घेता येतात. राइन्सहागन यांच्याकडची पाच वर्षे येथे कामी आली.

कागदावर न लिहिण्याची पद्धत लहान बँडला जमली, मोठ्या वाद्यवृंदाला नाही, आणि मिंगस यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे अपयश याच सांध्यावर घडले. ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मोठ्या वाद्यवृंदाची मैफल ठरली. मुळात ते श्रोत्यांसमोर होणारे ध्वनिमुद्रण असावे असा बेत होता. कंपनीने तारीख अलीकडे आणली. संगीत पुरते लिहून झालेले नव्हते, आणि मैफल सुरू झाल्यावरही मंचावर लेखनिक वादकांसाठी पाने उतरवून काढत होते. त्याच तयारीच्या ताणात मिंगस यांनी ट्रॉम्बोनवादक जिमी नेपर यांना तोंडावर ठोसा मारला. दात तुटला आणि ट्रॉम्बोनच्या वरच्या पट्टीतले स्वर त्यांना दीर्घकाळ मिळेनासे झाले; प्रकरण न्यायालयात गेले. मिंगस यांच्या रागाकडे कौतुकाने पाहणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे. ते मला मान्य नाही. वर्णद्वेषाविरुद्धचा त्यांचा संताप न्याय्य होता आणि तो त्यांच्या संगीतात आला. नेपर यांचा दात हा मात्र एका सहकाऱ्याच्या उपजीविकेवरचा घाव होता, आणि त्यातून संगीताला काहीही मिळाले नाही.

तीन महिन्यांनी, जानेवारी १९६३ मध्ये, त्यांनी ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ मुद्रित केली. अकरा वादक, जे या संगीताची तालीम क्लबमध्ये आधीच करून आले होते. शिवाय स्टुडिओत ध्वनिफीत कापून जोडणे आणि चार्ली मरियानो यांचा आल्टो सॅक्सोफोन नंतर वरून चढवणे. टाउन हॉलमध्ये जे एका रात्रीत फसले ते येथे साधले, कारण तोंडी तालीम, लेखन आणि संकलन या तिन्ही गोष्टींना आपापली जागा मिळाली. तबकडीच्या टिपणाचा एक भाग त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून घेतलेला आहे. मला विचाराल तर त्यांची सर्वोत्तम कृती हीच.

पुढची वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती प्रामुख्याने खचण्याची आहेत. १९६४ मध्ये युरोपचा दौरा झाला. दौऱ्यानंतर डॉल्फी युरोपातच राहिले आणि २९ जून रोजी बर्लिनमध्ये वारले. १९६६ मध्ये मिंगस ज्या जागेत संगीतशाळा काढू पाहत होते तेथून त्यांना बाहेर काढण्यात आले. काही काळ ते जवळजवळ वाजवतच नव्हते. १९७१ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, आणि मोठ्या वाद्यवृंदाची ‘लेट माय चिल्ड्रन हिअर म्युझिक’ ही तबकडी त्यापाठोपाठ आली. जॉर्ज ॲडम्स, डॉन पुलन, जॅक वॉलरॅथ आणि पुन्हा रिचमंड यांच्यासह सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांचा बँड परत जोमात आला.

१९७७ मध्ये त्यांना एएलएस या स्नायू निकामी करत नेणाऱ्या मज्जाविकाराचे निदान झाले. बास गेला. पियानोही गेला. तेव्हा ते टेपरेकॉर्डरसमोर सुरावटी गाऊन ठेवत आणि सहकारी त्या वाद्यवृंदासाठी लिहून काढत. १९७८ च्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणाला ते चाकाच्या खुर्चीत बसून हजर होते. वर्कशॉपची तोंडी पद्धत, जी त्यांनी स्वेच्छेने स्वीकारली होती, तीच आता एकमेव उरली, आणि ती चालली. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे वयाच्या ५६ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार पत्नी स्यू यांनी भारतात येऊन अस्थी गंगेत विसर्जित केल्या.

मृत्यूनंतर त्यांच्या कागदपत्रांची यादी करताना ‘एपिटाफ’ या प्रचंड रचनेची पाने सापडली. टाउन हॉलला जे धड होऊ शकले नव्हते त्यातले बरेच तिच्यात होते. चार हजारांहून अधिक मात्राखंड, दोन तासांहून जास्त संगीत. ३ जून १९८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये शुलर यांनी तिचे संचालन केले. मिंगस यांचे हस्तलिखित आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

मुंबईच्या विद्यार्थ्याला यातला एक भाग विशेष सांगावासा वाटतो. आपल्याकडे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक आणि अरेंजर (वाद्ययोजना करणारे) यांनी केलेले काम रचनेच्या तोडीचे होते. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यातली काही नावे. गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेव्हियर्सच्या प्रांगणात रागांवर आधारलेले स्वतःचे वाद्यवृंदसंगीत सादर केले. पण चित्रपटाच्या तबकडीवर नाव संगीतकाराचे, आणि हक्कही बहुधा त्याचे किंवा कंपनीचे. मिंगस यांनी आपल्या रचनांच्या प्रकाशनासाठी स्वतःची ‘जाझ वर्कशॉप’ ही कंपनी ठेवली. त्यामुळे पुढे स्यू मिंगस यांना त्या रचना सांभाळता आल्या, त्यांच्यासाठी कायमचे बँड चालवता आले, आणि चोरून छापलेल्या मुद्रणांविरुद्ध लढताना ‘रिव्हेंज’ नावाची कंपनी काढून तीच मुद्रणे अधिकृतपणे विकता आली.

आता पियानोच्या प्रश्नाविषयी. पियानो जरूर शिका. मिंगस स्वतः तो उत्तम वाजवत, आणि १९६३ मध्ये त्यांनी एकट्या पियानोची तबकडीही केली. बास मात्र सोडू नका. रचना करताना सुरावटीआधी तळाची ओळ लिहा, ती एकटी वाजवून तिच्यात काही जीव आहे का ते पाहा, आणि मगच वरचा सूर गाऊन शोधा. लहान बँड असेल तर एक रचना कागदाशिवाय, गाऊन शिकवून पाहा. सहापेक्षा जास्त वादक असतील तर निमूटपणे सगळे लिहून द्या. ऐकण्याचा क्रम मी असा ठेवीन: नॉर्व्हो त्रयी, मॅसी हॉलची दोन्ही रूपे, १९५७ चे ‘हेशियन फाइट साँग’, कँडिडवरील ‘व्हॉट लव्ह’, आणि मग ‘ब्लॅक सेंट’. पहिली रचना पुरी झाली की तिच्या पानावर तारीख आणि नाव घाला, आणि कोणाच्या स्टुडिओत ती वाजवण्यापूर्वी हक्क कोणाकडे राहतील ते कागदावर ठरवून घ्या.